कर्जाचा हप्ता चालू असतानाच निवृत्तीची तजवीज: कोल्हापुरातल्या नव्या डॉक्टरांसाठी

मी भूलतज्ज्ञ आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज इथल्या दवाखान्यांत केस घेत फिरते. स्वतःचा दवाखाना नाही, पगार नाही, पेन्शन नाही. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज मार्च २०१९ मध्ये फिटलं तेव्हा मी ३९ वर्षांची होते आणि निवृत्तीसाठी माझ्या नावावर एक रुपया नव्हता. हातात येईल तो पैसा मी कर्जात ओतत गेले होते. आप्पांचं कागल तालुक्यातलं दीड एकर तारण होतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं नाव चढलं होतं. ते नाव निघेपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाचच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, इचलकरंजीकडची वाट बंद झाली, ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलली गेली. महिनाभर जवळपास काहीच जमा नव्हती. घरखर्चासाठी मी बांगड्या तारण ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. एक कर्ज फेडून अर्धं वर्ष झालं नव्हतं तोवर दुसरं अंगावर.

म्हणून सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातल्या इंटर्नना आणि नुकत्याच पीजी (पदव्युत्तर) झालेल्या मुलामुलींना मी हेच सांगत असते: ‘आधी कर्ज फिटू दे, मग निवृत्तीचं बघू’ असं म्हणू नका. पहिल्या कमाईच्या महिन्यापासून दोन्ही एकत्र चालू करा, निवृत्तीची रक्कम कितीही लहान असली तरी चालेल. हे कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगते.

आपलं गणित इतरांपेक्षा उशिरा सुरू होतं

साडेपाच वर्षं एमबीबीएस, शासकीय कॉलेज असेल तर वर्षभराची बाँडची सेवा, नीट पीजीसाठी एखादं वर्ष, मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. खरी कमाई सुरू होईतो वय २९-३०. सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन वर्षं. आपल्या वर्गातला इंजिनीअर झालेला मित्र बावीसाव्या वर्षापासून पीएफ कापून घेत असतो. आपण तिशीत सुरुवात करतो तेव्हा शून्याच्याही खाली असतो.

‘डॉक्टरला कुठली आलीय निवृत्ती?’ हे वाक्य मी ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून खूपदा ऐकलं. त्यातल्या काहींची कंबर पन्नाशीत गेली, काहींची नजर बारीक टाके घालायच्या कामाची राहिली नाही. ते अजून काम करतात. काहीजण हौसेनं करतात, काहींना करावंच लागतं. मी निवृत्तीचा अर्थ माझ्यापुरता लावलाय: पंचावन्नाव्या वर्षी रात्री दोन वाजता फोन वाजला तर ‘येत नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणताना पुढच्या महिन्याच्या खर्चाची धास्ती वाटता कामा नये.

पहिली पायरी: कर्जाचा कागद घेऊन बसा

एक रविवार काढा. बँकेचं मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा उतारा समोर घ्या. किती डॉक्टरांना आपल्या कर्जाचा व्याजदर सांगता येत नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. रुग्णाचं पोटॅशियम दशांशापर्यंत लक्षात ठेवणारी माणसं आपण. वहीत एवढं उतरवून काढा: आज एकूण किती देणं आहे, त्यात मुद्दल किती आणि साठलेलं व्याज किती, दर बदलता आहे की स्थिर, रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला) जोडलाय की जुन्या पद्धतीचा, हप्ता कधी सुरू होणार, सहअर्जदार कोण, तारण काय.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, ही सवलत आहे. पण व्याजाला सवलत नसते. समजा एमबीबीएससाठी दरवर्षी ४ लाख असे पाच वर्षांत २० लाख उचलले आणि दर १० टक्के आहे. या काळात बँका सहसा सरळ व्याज लावतात. पहिले ४ लाख हप्ता सुरू होईपर्यंत साडेसहा वर्षं पडून राहतात, दुसरे साडेपाच वर्षं, असं करत पाचही रकमांचं व्याज ९ लाख होतं. हप्ता ठरवताना हे ९ लाख मुद्दलात मिळवले जातात. म्हणजे काढले २० लाख, फेडायला सुरुवात होते २९ लाखांपासून.

त्यामुळं इंटर्नशिपच्या किंवा रेसिडेन्सीच्या स्टायपेंडमधून शक्य होईल तेवढं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत चला. हजार-दोन हजार असले तरी भरा. शिकत असताना नियमित व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्का सूट देतात. तुमच्या मंजुरीपत्रात ती आहे का ते पाहा, नसेल तर शाखेत जाऊन लेखी विचारा. पीजीला प्रवेश मिळाला असेल तर हप्त्याची सुरुवात पुढं ढकलता येते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. मात्र ढकललेल्या प्रत्येक वर्षाचं व्याज वाढतंच, हे वहीत लिहून ठेवा.

१ ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची नवी किरकोळ कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्यानं ठरतो. तुमचं कर्ज त्याआधीचं असेल तर नव्या पद्धतीत वळवून घेता येतं का ते विचारा.

हप्ता कागदावर लांब ठेवा, भरताना आखूड करा

२९ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ३८,३०० रुपये. १५ वर्षं घेतली तर ३१,२०० च्या आसपास. महिन्याला सात हजारांचा फरक दिसतो, पण एकूण व्याजात जवळपास १० लाखांचा फरक पडतो.

माझं मत असं: करार १५ वर्षांचा करा आणि वागा १० वर्षांच्या करारासारखं. वरचे सात हजार दर महिन्याला मुद्दलात स्वतःहून भरत राहा. वैयक्तिक, धंद्यासाठी नसलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळं जादा भरल्याचा भुर्दंड पडत नाही. एखाद्या महिन्यात दवाखान्यांकडून पैसे आले नाहीत, आणि फिरत्या डॉक्टरला हे नवीन नाही, तर सात हजार थांबवता येतात. ३८ हजारांचा करार थांबवता येत नाही. एक हप्ता चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, आणि तो डाग जामीनदार राहिलेल्या आईवडिलांच्या नावावरही पडतो.

जादा रक्कम भरल्यावर ती मुद्दलात गेली की पुढच्या हप्त्यात जमा धरली, हे उताऱ्यावर तपासा. माझ्या वेळी एकदा चार महिन्यांची जादा रक्कम नुसती ‘आगाऊ हप्ता’ म्हणून पडून होती. अर्ज दिल्यावर दुरुस्त झाली.

कर: ८०ई ऐकून भुलू नका

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, तिला रकमेची मर्यादा नाही. हीच ती सगळ्यांच्या तोंडी असलेली ८०ई. पण तिच्या तीन अटी सहसा सांगितल्या जात नाहीत. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. आणि व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठच वर्षं मिळते. शिकत असताना, उत्पन्न नसताना व्याज भरायला लागलात तर ही आठ वर्षं तेव्हापासूनच धावू लागतात. तरीही मी शिकताना व्याज भरा असंच सांगेन, कारण वाचलेलं व्याज नक्की असतं आणि वजावट तुमच्या कामी येईलच असं नाही.

का, ते आकड्यांत पाहा. फिरत्या सल्लागार डॉक्टरला ४४एडीएचा मार्ग असतो. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तर निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवून कर भरता येतो आणि खर्चाचं बाड सांभाळावं लागत नाही. समजा जमा ३६ लाख, उत्पन्न १८ लाख. जुन्या प्रणालीत कर्जाच्या व्याजाचे २.८ लाख, ८०सीचे (पीपीएफ, आयुर्विमा अशा बचतीचे) १.५ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार वजा केले तरी कर येतो २,०९,०४०. नव्या प्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी, एकही वजावट न घेता, १,६६,४००. एवढं मोठं व्याज असूनही नवी प्रणालीच स्वस्त पडते. घरकर्ज वगैरे असेल तर चित्र पालटू शकतं, म्हणून दरवर्षी आपल्या सीएंना दोन्ही हिशेब मांडायला सांगा. ‘कर वाचतोय, राहू दे कर्ज’ हा सल्ला मात्र हिशेब न मांडता कुणाचाही ऐकू नका.

आणखी एक. दवाखाने तुमच्या फीमधून १० टक्के टीडीएस कापतात. तो कापला म्हणजे कर संपला असं समजून मार्चमध्ये हबकलेले किती तरी नवे डॉक्टर मी पाहिलेत. ४४एडीए घेणाऱ्यानं सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. मी प्रत्येक जमेतला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही.

गुंतवणुकीच्या आधीची तटबंदी

इथं थोडं थांबते, कारण घाई इथंच होते.

शैक्षणिक कर्जात सहअर्जदार बहुधा आई किंवा वडील असतात. मुलगा-मुलगी गेली तर कर्ज त्यांच्या अंगावर येतं. हे लिहायला जड जातं, पण आपण रोज मृत्यू जवळून पाहणारी माणसं आहोत, आपणच डोळे झाकून कसं चालेल? पहिल्या कमाईतून टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ जोखमीचा आयुर्विमा, घ्या. कर्जाची पूर्ण रक्कम आणि त्यावर घराच्या वर्षाच्या खर्चाच्या पंधरापट एवढं कवच हवं. विवाहित पुरुषाला ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे काढता येते. मग त्या पैशावर देणेकऱ्यांना हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी काढतानाच नोंदवावं लागतं. पैसे परत मिळणारी, बोनसवाली पॉलिसी कुणी नातेवाईक एजंट आग्रहानं गळ्यात घालेल. त्यांना चहा पाजा, पण सही करू नका. त्या हप्त्यात कवच तोकडं मिळतं आणि परतावाही.

अपघात विमा घेताना तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम आहे का ते पाहा. सर्जनचं मनगट मोडलं तर तो तीन महिने घरी बसतो. माझ्या एका मैत्रिणीची करंगळी स्कूटरवरून पडून मोडली, लॅप्रोस्कोपी दहा आठवडे बंद. आयुर्विमा याला एक पैसा देत नाही.

व्यवसायाची इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे रुग्णानं भरपाईचा दावा केला तर कामी येणारा विमा, हवीच. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्याच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. दवाखान्याची पॉलिसी आहे म्हणून फिरत्या डॉक्टरनं निर्धास्त राहू नये. तिच्यात तुमचं नाव आहे का ते विचारावं.

मग आणीबाणीची पुंजी: सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात कर्जाचा हप्ताही धरून. २०१९ आणि २०२१ चे पूर, मधल्या २०२० मध्ये बंद पडलेली ठरलेली ऑपरेशनं, एवढं पाहिल्यावर मी आठ महिन्यांचा ठेवते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा मिळाली होती, पण व्याज तेव्हाही चढतच होतं.

ही पुंजी कुठं ठेवता, याकडं आपल्या भागात फार लक्ष द्यायला हवं. कोल्हापूर सहकाराचा जिल्हा. गल्लीत ओळखीची पतसंस्था असते, अध्यक्ष आपलेच पेशंट असतात, व्याज बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त असतं. मीही ठेव ठेवली होती. संस्थेचं नाव घेत नाही. पैसे मागायला गेले तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात या मॅडम’ असं सव्वा वर्ष ऐकलं. तेव्हा मला हे कळलं नव्हतं ते तुम्ही आजच ध्यानात ठेवा: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागं मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही. आणीबाणीचा पैसा बँकेत ठेवा आणि एका बँकेत ५ लाखांच्या आत ठेवा.

निवृत्तीला किती लागेल?

आज घरखर्च, कर्जाचा हप्ता सोडून, महिना ६० हजार आहे असं धरू. महागाई ६ टक्के धरली तर खर्च दर बारा वर्षांनी दुप्पट होतो. तिशीतल्या डॉक्टरला साठाव्या वर्षी त्याच राहणीसाठी महिना ३.४ लाखांच्या आसपास लागतील. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी असावी असं धरलं तर आकडा १० कोटींवर जातो. घाबरू नका. आजच्या पैशांत ती १.८ कोटींची पुंजी आहे आणि तिच्यासाठी तीस वर्षं हातात आहेत.

ही तीस वर्षं कशी काम करतात ते पाहा. महिना १० हजार, १० टक्के परतावा धरून, तीस वर्षांत २.२६ कोटी होतात. यातल्या पहिल्या दहाच वर्षांत भरलेले १२ लाख तेवढे बाजूला काढले आणि पुढची वीस वर्षं तसेच राहू दिले, तर त्यांचेच दीड कोटी होतात. नंतरच्या वीस वर्षांत भरलेले २४ लाख मिळून ७६ लाखांपर्यंत पोचतात. शैक्षणिक कर्जाची दहा वर्षं ती नेमकी हीच पहिली दहा वर्षं असतात. मी घालवली ती हीच. १० टक्के हा हिशेबापुरता आकडा आहे, बाजार त्याची हमी देत नाही. पण लवकर भरलेल्या पैशाचं वजन कोणत्याही दरानं जास्तच राहतं.

आता दर वर्षी रक्कम १० टक्क्यांनी वाढवत नेली, तर त्याच १० हजारांच्या सुरुवातीनं तीस वर्षांत सहा कोटींच्या आसपास होतात. दहा वर्षांनी कर्ज फिटल्यावर हप्त्याचे ३८ हजार तसेच गुंतवणुकीकडं वळवले तर वीस वर्षांत आणखी २.८८ कोटी. दहा कोटींचा डोंगर मग चढण्यासारखा वाटतो.

कुठं आणि कसे

आपल्याकडं दवाखान्यात संध्याकाळी पिग्मीवाला येतो. दिवसाचे दोनशे-पाचशे त्याच्या हातावर ठेवायची सवय जुन्या डॉक्टरांना पक्की आहे आणि ती सवय मला मनापासून आवडते. हातात राहिलेला पैसा खर्च होतो, हे पिग्मीवाल्याला अर्थशास्त्रज्ञांच्या आधी कळलं असावं. फक्त पिग्मीच्या व्याजात तीस वर्षांचं म्हातारपण निघत नाही. तीच शिस्त महिन्याच्या एसआयपीला, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायच्या पद्धतीला, लावा. दवाखान्यांचे पैसे साधारण कोणत्या तारखेला येतात ते पाहून पुढच्या दोन-तीन दिवसांतली तारीख ठरवा.

सुरुवातीला मी तीनच ठिकाणं सुचवते. शेअर बाजाराचा कमी खर्चाचा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा), यात सगळ्यात मोठा हिस्सा. दुसरं पीपीएफ: १५ वर्षांची मुदत, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, नव्या करप्रणालीत भरण्यावर वजावट नसली तरी व्याज करमुक्त. डॉक्टरांसाठी त्याचा आणखी एक गुण आहे, देण्याच्या वसुलीसाठी कोर्टाच्या हुकमानंही पीपीएफवर जप्ती येत नाही. तिसरं एनपीएस: पैसा मध्येच सहजी निघत नाही आणि निघताना साधारणपणे काही हिस्सा पेन्शनसाठी गुंतवावा लागतो. पुष्कळांना ही अडचण वाटते. मला ती सोय वाटते, कारण नवं सोनोग्राफी मशीन घ्यायच्या मोहात एसआयपी मोडणारे मी पाहिलेत, एनपीएस मोडणारं कुणी भेटलं नाही. कॉर्पोरेट दवाखान्यात पगारावर असाल तर मालकाकडून एनपीएस भरणा मागून घ्या. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतचा हा भरणा नव्या प्रणालीत करमुक्त राहतो.

राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्या बहुतेकांचं एनपीएस पगारातूनच कापलं जातं. त्यांनी खात्यात शासनाचा वाटा वेळेवर जमा होतोय का, एवढं दर तिमाहीला पाहावं.

गुजरीतलं (कोल्हापूरच्या सराफ बाजारातलं) सोनं आणि गावाकडची शेती यांना मी नाही म्हणणार नाही. माझ्या बांगड्यांनीच मला पुरात तारलं. पण दागिना निवृत्तीच्या हिशेबात धरू नका, तो लेकीच्या लग्नात जातो. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय सहसा घेता येत नाही. घेतलीत तरी ऊस तुमच्या जागी कोण सांभाळणार, ते आधी ठरवा.

महिन्याची वाटणी

मागच्या वर्षी एका नव्या बालरोगतज्ज्ञानं ओटीबाहेर मला विचारलं, “मॅडम, हप्ता भरून उरतंच किती, त्यात वाटणी कसली?” आम्ही त्याच्याच केसपेपरच्या मागं आकडे मांडले. कर बाजूला काढून हातात १ लाख ३० हजार. घर ६० हजार. हप्ता ३१ हजार. सगळे विमे मिळून महिन्याला ७ हजार. उरले ३२ हजार. तो गप्प बसून त्या आकड्याकडं बघत राहिला, कारण त्याच्या खात्यात महिनाअखेर काहीच उरत नव्हतं.

पहिलं साधारण दीड वर्ष या ३२ मधले ३० हजार आणीबाणीच्या पुंजीत आणि २ हजार एसआयपीत टाका. ही लहान रक्कम वाट मोकळी ठेवण्यासाठी आहे. पुंजी भरली की १० हजार निवृत्तीला, ७ हजार कर्जाच्या मुद्दलात, आणि बाकीचे १५ हजार गाडी, घर, लग्न, आईवडिलांचं आजारपण यासाठी.

कर्जात जास्त टाकावं की गुंतवणुकीत? दर ११ टक्क्यांच्या वर असेल, जसा बिगरबँक वित्तसंस्थांकडून घेतलेल्या कर्जाचा असू शकतो, तर कर्जाकडं जास्त झुका, कारण तेवढा खात्रीचा परतावा दुसरीकडं मिळत नाही. दर ९ च्या आत असेल तर निवृत्तीकडं. घरची जमीन किंवा राहतं घर तारण असेल तर कर्ज आकड्यांपेक्षा जड वाटतं, हे मी जगले आहे. तेव्हा मुद्दलात ७ ऐवजी १२ हजार टाका, पण १० हजारांची एसआयपी बंद करू नका.

दवाखाना बांधण्याआधी

‘वर घर, खाली दवाखाना’ हे आपल्याकडचं स्वप्न. शैक्षणिक कर्जाची निम्मी फेड झाली की बँका इमारतीसाठी आणि मशीनसाठी कर्ज द्यायला स्वतःहून येतात. चांगला दवाखाना जरूर उभा करा, शहराला त्याची गरज आहे. मात्र ‘दवाखाना हीच माझी पेन्शन’ असं ठरवू नका. तुमची मुलगी कदाचित डॉक्टर होणार नाही, झाली तर पुण्यात किंवा परदेशात राहील. वीस खाटांची, तुमच्या नावावर चालणारी इमारत विकायला गेलात तर घेणारा जागेचा भाव देतो, नावाचा देत नाही. जागा घेताना पूररेषेचा नकाशा पाहा. शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या काही भागांत २०१९ ला पाणी होतं, तिथं तळमजल्यावर मशीन ठेवायची की नाही ते आधी ठरवा. आणि नव्या कर्जाचा हप्ता एसआयपी चालू ठेवून झेपत असेल तरच सही करा. एसआयपी थांबवून झेपत असेल, तर दोन वर्षं भाड्याच्या जागेत काढा.

शेवटचा हप्ता भरल्यानंतर

त्या दिवशी पेढे वाटून घरी जाऊ नका, शाखेत बसा. कर्ज पूर्ण फिटल्याचा लेखी दाखला घ्या. मालमत्तेची मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत परत द्यायची असतात, तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. जमीन तारण असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. आमच्याकडं या कामाला अडीच महिने आणि चार हेलपाटे लागले. दीड महिन्यानं सिबिलचा अहवाल काढून खातं ‘बंद’ दिसतंय का ते पाहा, आईवडिलांच्या नावाच्या अहवालातही.

आणि पुढच्या महिन्यात, हप्ता ज्या तारखेला जायचा त्याच तारखेला, तेवढीच रक्कम एसआयपीत जाईल अशी सूचना त्याच आठवड्यात बँकेला देऊन ठेवा. महिना उलटला तर ते ३८ हजार घरखर्चात कुठं मिसळून गेले ते सापडत नाही.